दॅन की देन? आधी डावीकडे बघ

बारावीला माझ्याकडे असलेली एक विद्यार्थिनी आता पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पुढे स्वतःच्या जिद्दीवर कमावलेलं. मागच्या आठवड्यात तिच्या वरिष्ठांनी तिच्या ईमेलांमधल्या चार वाक्यांवर लाल खुणा करून ती परत पाठवली, आणि खाली एवढंच लिहिलं की दॅन-देन बघून घ्या. तिने ती चारही वाक्यं मला पाठवली आणि विचारलं, ''मॅडम, अर्थ मला पाठ आहेत. दॅन म्हणजे 'पेक्षा', देन म्हणजे 'मग'. तरी हात चुकतोच. असं का होतं?''

तिची वाक्यं अशी. पहिलं: द न्यू बिल्ड इज फास्टर देन द ओल्ड वन. दुसरं: नो सूनर डिड वी रीस्टार्ट द सर्व्हर देन द एरर केम बॅक. तिसरं: आय प्रिफर अ कॉल दॅन ॲन ईमेल. चौथं: इफ द क्लायंट ॲग्रीज, दॅन वी विल रिलीज ऑन फ्रायडे.

चारही चुकलेली आहेत, पण चौघांचं दुखणं एक नाही. पहिलं निव्वळ हाताची घाई आहे. दुसऱ्यात मराठीने फसवलंय. तिसऱ्यात तर दोन्ही शब्द चालत नाहीत, म्हणजे दॅन काढून देन घातला तरी वाक्य चूकच राहील. ''बघून घ्या'' म्हणून हे सुटणारं नव्हतंच.

बोलायच्या सोयीसाठी मी वर्गात म्हणते तसं म्हणते. टी-एच-ए-एन हा 'ए'वाला, म्हणजे दॅन. टी-एच-ई-एन हा 'ई'वाला, म्हणजे देन.

तर तिला मी दिलेलं उत्तर असं. आधी एक गोष्ट मनातून काढून टाक, की ही चूक मराठी माध्यमवाल्यांची आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणारे लोकही 'रादर देन' असं ई लावून सर्रास लिहितात. कारण उघड आहे. बोलताना त्यांचा दॅन हा पूर्ण दॅन नसतोच. त्यातला अ‍ॅ गिळला जातो आणि उरतो एक ओझरता 'दन्'. कानाला जे नीट ऐकूच येत नाही ते हात अंदाजाने लिहितो. देनचं तसं होत नाही, त्यातला 'दे' कायम खणखणीत असतो. तेव्हा इंग्रजी बातम्या ऐकताना जरा कान दे. वाक्यात पुसट, घाईत उरकलेला वाटेल तो दॅन.

आपल्याकडे उलट अडचण आहे. आपण दोन्ही शब्द सावकाश, पूर्ण उच्चारतो, पण सारखेच उच्चारतो. कुणी दोन्हीकडे 'देन' म्हणतं, कुणी दोन्हीकडे 'द्यान'. खरं तर बॅट आणि बेट वेगळं दाखवायला आपल्या लिपीत ती अर्धचंद्राची खूण आहे. हिंदीवाले बँकेला 'बैंक' लिहितात, आपण नाही. म्हणजे हत्यार हातात आहे, वापरत नाही एवढंच. माझा पहिला सल्ला म्हणूनच कानाचा आहे: मनातल्या मनात वाचताना तरी 'फास्टर दॅन' असं तोंड उघडून म्हण. तोंडाने अ‍ॅ काढला की बोट आपोआप ए कडे जातं. आणि स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्रावर फार विसंबू नकोस. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे त्याला पुष्कळदा काही वावगं दिसतच नाही.

आता मुख्य गोष्ट. तू अर्थावरून ठरवायला जातेस. मी म्हणते, अर्थ नंतर, आधी डावीकडे बघ.

मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. 'नवा बिल्ड वेगवान आहे' आणि 'नवा बिल्ड जुन्यापेक्षा वेगवान आहे' यात 'वेगवान' जसाच्या तसा. तुलनेचा सगळा भार एकट्या 'पेक्षा'वर किंवा 'हून'वर. संस्कृतातल्या लघुतर-लघुतमसारखी रूपं आपण रोजच्या बोलण्यात ठेवली नाहीत. इंग्रजीत भार दोघांत वाटलेला असतो. आधी विशेषण स्वतःला शेपूट लावून घेतं, फास्टचं फास्टर होतं, ब्यूटिफुलला मोर चिकटतो, आणि मग दॅन येतो. म्हणजे दॅन कधी एकटा येत नाही. त्याच्या डाव्या बाजूला कुठेतरी तुलनेची खूण असतेच: शेवटी 'अर' लागलेला शब्द, मोर, लेस, फ्यूअर, बेटर, वर्स, रादर, अदर. ती खूण सापडली, आणि 'कशापेक्षा' हे सांगायचं उरलं असेल, तर एवाला. खूण नसेल तर हात थांबव.

या एका सवयीने तुझं पहिलं आणि चौथं वाक्य सुटतं. पहिल्यात डावीकडे फास्टर बसलाय, म्हणून दॅन. चौथ्यात इफ द क्लायंट ॲग्रीज यात तुलनेचा मागमूस नाही, म्हणून देन. आणखी एक फायदा असा की 'ही इज टॉल दॅन मी' ही आपली खास चूकही याच नजरेला सापडते. मराठीत 'उंच' बदलत नाही म्हणून आपण टॉल तसाच सोडतो. डावीकडे बघितलंस की लक्षात येईल, अरे, इथे खूणच राहिली. काही मुलं मग भीतीने 'मोर टॉलर' लिहितात. एका डोक्यावर दोन टोप्या.

चौथ्या वाक्यासाठी तुझ्याच कामातलं उदाहरण घे. डेटाबेसच्या क्वेरीत तू केस-व्हेन-देन लिहितेस ना? तिथे कधी एवाला टाकून बघ, क्वेरी पुढे सरकणार नाही. जर-तर मधला 'तर' म्हणजे ईवाला, कायम. मी तर वर्गात दोन्ही शब्द एकाच वाक्यात बांधून देते: इफ ए इज ग्रेटर दॅन बी, देन स्टॉप. मराठीत, अ हा ब पेक्षा मोठा असेल तर थांब. हे एक वाक्य पाठ केलंस तरी पुष्कळ झालं.

देनची ओळख पटवायला याहून सुंदर युक्ती मराठीतच दडलेली आहे. आपल्याकडे केव्हा, जेव्हा, तेव्हा अशी शब्दांची रांग आहे. कुठे, जिथे, तिथे. कसा, जसा, तसा. क विचारतो, त उत्तर देतो. इंग्रजीत हीच रांग डब्ल्यू-एच आणि टी-एच ने चालते: व्हेन विचारतो, देन उत्तर देतो, व्हेअर विचारतो, देअर उत्तर देतो. स्पेलिंग बघ. व्हेनमधलं पहिलं अक्षर डब्ल्यू काढून टी ठेवला की देन, बाकी काही हलवावं लागत नाही. केव्हाचा तेव्हा होतो तसाच. म्हणून जिथे तेव्हा, मग, त्यानंतर किंवा 'तर' बसतो तिथे व्हेनचा भाऊ येणार, आणि भावात ई आहे. 'द देन चीफ मिनिस्टर' म्हणजे तत्कालीन मुख्यमंत्री, तोही हाच भाऊ. दॅनला या रांगेत कुणी भाऊ नाही.

आता दुसरं वाक्य. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण नो सूनरवर चुकलेली उत्तरपत्रिका मी इतकी वर्षं बघतेय की लाल पेनांचा हिशेब ठेवलेला नाही.

बारावीच्या व्याकरणात 'ॲज सून ॲज'चं 'नो सूनर'मध्ये रूपांतर करायचा प्रश्न नेहमीचा. मुलं 'दॅन' पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि नोकरीत गेल्यावर विसरतात. विसरणं साहजिक आहे, कारण डोक्यात चित्र काळाचं असतं. सर्व्हर रीस्टार्ट केला, *मग* एरर आली. एकामागून एक दोन घटना. मग देनच यायला हवा ना? अर्थावरून ठरवणाऱ्याला इथे देन शंभर टक्के बरोबर वाटतो. तुझी यात काही चूक नाही.

पण डावीकडे बघ. सूनर. सूनला 'अर' लागलाय. खूण समोर बसलेली आहे, म्हणजे हे वाक्य काळाचं दिसत असलं तरी बांधणी तुलनेची आहे. ते शब्दशः असं म्हणतंय: आमचं रीस्टार्ट करणं हे एरर परत येण्यापेक्षा जराही आधी झालं नाही. दोन घटनांची उंची मोजावी तशी त्यांची वेळ मोजली आणि फरक शून्य निघाला. आणि गंमत म्हणजे मराठी मनुष्य हेच नकार घालून म्हणतो: ''सर्व्हर रीस्टार्ट केला नाही तोच एरर हजर.'' केला तर आहे, तरी 'केला नाही तोच' म्हणतो! इंग्रजीतला 'नो' आणि आपला 'नाही' इथे एकच काम करतात. तेव्हा 'नाही तोच' म्हणावंसं वाटलं आणि वाक्य नो सूनरने सुरू केलंस, की एवाला. वाक्य असं व्हायला हवं: नो सूनर डिड वी रीस्टार्ट द सर्व्हर दॅन द एरर केम बॅक. डिड नंतर रीस्टार्ट साधाच ठेवलास ते बरोबर आहे. पुष्कळ जण तिथे रीस्टार्टेड करतात.

हाच आशय हार्डली किंवा स्कॅर्सलीने सांगायचा असेल तर मात्र पुढे व्हेन येतो. का? हार्डलीत तुलनेची खूण नाही, शेवटी 'ली' आहे, 'अर' नाही. पाठ करायची गरजच उरत नाही. हार्डलीपुढे दॅन लिहिणारे इंग्रजही भेटतील, पण परीक्षेत आणि कामाच्या कागदात तू व्हेनच लिही.

रादरचंही असंच. आपल्याला रादर दॅनचा अर्थ 'ऐवजी' असा लागतो, आणि 'ऐवजी'त तुलना दिसत नाही. पण रादर हा शब्दच मुळात तुलनेचा. जुन्या इंग्रजीत त्याच्या मुळाचा अर्थ 'लवकर' असा होता, रादर म्हणजे 'अधिक लवकर'. सूनरचा चुलतभाऊच म्हण. म्हणून आय वुड रादर वॉक दॅन वेट फॉर द बस. इथे ईवाला लिहिलास तर नुसतं स्पेलिंग चुकत नाही, अर्थच उलटतो: मी आधी चालेन आणि मग बसची वाट बघेन, असं वाचता येतं. एवढं चालून झाल्यावर बस कशाला हवी?

अदर दॅन, म्हणजे 'शिवाय' किंवा 'खेरीज', यातही खूण अदरमध्येच आहे. अदरच्या शेवटचा तुकडा आणि आपल्या 'इतर'मधला 'तर' एकाच जुन्या मुळाचे आहेत. लघुतरमधला 'तर' तोच. म्हणजे 'इतर' म्हणताना आपणही नकळत तुलना करत असतो. ओघात सांगते, 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' असं लिहू नकोस. 1646 मीटरचं कळसूबाई महाराष्ट्रातच आहे, ते स्वतःहून उंच कसं असेल? एनी अदर पीक म्हण. एव्हरेस्टची गोष्ट असेल तर अदर नको, कारण एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाही.

तू विचारलं नाहीस, तरी हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हे दोन शब्द गोंधळात टाकणारे वाटतात कारण मुळात ते एकच होते. जुन्या इंग्रजीत काळ आणि तुलना दोन्हींसाठी एकाच शब्दाची रूपं चालत. 1611 च्या इंग्रजी बायबलच्या छापील प्रतीत 'एकापेक्षा दोघे बरे' या वचनात दॅनच्या जागी ईवाला आहे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या संग्रहात हॅम्लेटच्या तोंडचं पहिलं वाक्य तुलनेचं आहे, आणि त्यात दोनदा ईवालाच छापलाय. त्या वेळी ती चूक नव्हती. ए म्हणजे तुलना आणि ई म्हणजे काळ ही वाटणी पक्की झाली ती साधारण 1700 च्या सुमारास. डच भाषेत आजही दोन्हींना एकच शब्द आहे, 'दान'. जर्मनमध्येही 'पूर्वी कधी नव्हे इतकं' अशा अर्थाच्या ठरीव वाक्प्रचारात तोच जुना तुलनेचा शब्द टिकून आहे. हे सगळं वरिष्ठांना सांगायला जाऊ नकोस. 1611 चा दाखला देऊन ईमेल बरोबर ठरत नाही.

पण 'मग'चा शब्द 'पेक्षा' कसा झाला? एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की 'हा जास्त उंच, मग तो' अशी क्रमवारीची बोली तुलनेत मुरली. मला ते पटतं. शाळेत मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करताना आपणही हेच बोलतो. आपल्या भाषेने मात्र वेगळी वाट धरली. संस्कृतात तुलना पंचमीने, म्हणजे 'पासून'च्या विभक्तीने होते, आणि मराठीचा 'हून' त्याच पंचमीत मोडतो. पुण्याहून आला, माझ्याहून मोठा: प्रत्यय एकच. 'पेक्षा' आला 'अपेक्षा'मधून, म्हणजे एकाकडे नजर ठेवून दुसऱ्याला मोजणं. इंग्रजाने तुलनेसाठी काळ वापरला, आपण जागा आणि नजर वापरली.

आणि ही नजरच तुझ्या तिसऱ्या वाक्यात घात करते. आय प्रिफर अ कॉल दॅन ॲन ईमेल. मराठीत 'मला ईमेलपेक्षा फोन बरा वाटतो', यात 'पेक्षा' स्पष्ट आहे, म्हणून तू दॅन लिहिलास. 'पेक्षा म्हणजे दॅन' हे समीकरण इथे पुरं पडत नाही. डावीकडे बघ: प्रिफरमध्ये मोर नाही, 'अर' लागलेलं विशेषणही नाही. शेवटी 'फर' ऐकू येतो तो क्रियापदाचाच भाग आहे, शेपूट नव्हे. प्रिफरला टू लागतो: आय प्रिफर अ कॉल टू ॲन ईमेल. दोन क्रियांची निवड असेल तर रादर आणून दॅन लावता येतो: आय प्रिफर टू कॉल रादर दॅन राइट.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर यांनाही टूच. हे लॅटिनमधून आलेले पाहुणे. त्यांची तुलनेची खूण 'इयर' अशी त्यांच्या घरची आहे, आणि पाहुण्यांना इंग्रजीने दॅनच्या पंगतीला बसवलं नाही. 'तो माझ्यापेक्षा सीनियर' म्हणजे सीनियर टू मी. मात्र याच सवयीने आपण भारतात 'एल्डर टू मी' म्हणतो, ते चूक. वयासाठी ओल्डर दॅन मी. एल्डर हा इंग्रजीच्या घरचाच शब्द आहे, पण तो एल्डर ब्रदर, एल्डर सिस्टर असा नामाआधी शोभतो, तुलनेला नाही.

डिफरंटचं भांडण वेगळंच. आपण 'यापेक्षा वेगळा' म्हणतो म्हणून दॅन जिभेवर येतो. अमेरिकेत तो चालतोही, ब्रिटनमध्ये बोलताना टू ऐकू येतो. तू फ्रॉम लिही. तो कुठल्याच देशातल्या क्लायंटला खटकत नाही, आणि 'याहून वेगळा' या आपल्या पंचमीशीही जुळतो.

दॅन मी की दॅन आय, हा पुढचा प्रश्न तू विचारणारच, म्हणून थोडक्यात. 1762 साली रॉबर्ट लाउथ या पाद्रीबाबांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्यांच्या मते दॅन हे दोन वाक्यं जोडणारं अव्यय, म्हणून पुढे जे क्रियापद गाळलंय ते मनात धरून रूप ठरवायचं: शी इज टॉलर दॅन आय, कारण मनात 'ॲम' आहे. लोक मात्र तेव्हाही दॅन मी म्हणत होते आणि आताही म्हणतात. माझा तोडगा सोपा आहे. क्रियापद लिहूनच टाक, दॅन आय ॲम. ना कुणी नाक मुरडणार, ना कुणाला पोशाखी वाटणार. जिथे अर्थ दुहेरी होतो तिथे तर क्रियापद हवंच. 'तिला तू माझ्यापेक्षा जास्त आवडतोस' या मराठी वाक्याचेही दोन अर्थ निघतात: तिला मी आवडते त्याहून जास्त, की मला तू आवडतोस त्याहून जास्त? असल्या वाक्यांवरून घरं मोडलेली नसतील, पण अबोला नक्की धरला गेला असेल.

ए कंपॅरिझनमध्ये आहे आणि ई टाइममध्ये, ही इंग्रजी पुस्तकांतली युक्तीही तू ऐकली असशील. चुकीची नाही. पण नो सूनरपाशी ती हमखास आपटते, कारण तिथे टाइमच दिसतो. म्हणून मी ती शिकवत नाही.

कामापुरतं एक कर. ईमेल लिहून झाली की पाठवण्याआधी त्यात टी-एच-ई-एन शोध. जेवढे सापडतील तेवढ्यांच्या डावीकडे नजर टाक. 'अर', मोर, लेस, रादर, अदर दिसलं आणि 'कशापेक्षा' हे सांगायचं उरलं असेल, तर ई चा ए कर. मग टी-एच-ए-एन शोध आणि उलटं बघ: खूण नसेल तर तिथे देन हवाय की टू हवाय ते ठरव. चार ओळींच्या ईमेलला अर्धं मिनिट लागतं. पंधरा दिवस केलंस की डोळाच आपोआप डावीकडे जायला लागेल.

मी स्वतः अजून करते. गेल्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत केलं नाही, आणि सूचनांच्या तिसऱ्या ओळीत 'डू नॉट अटेम्प्ट मोर देन फाइव्ह क्वेश्चन्स' असं छापून दीडशे प्रती निघाल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पेपर हातात पडताच हात वर केला.